पुढची रांग घेतलीस ना, मग हे ऐक

सासूसासऱ्यांना घेऊन हवाईला निघालात आणि लुआऊची, म्हणजे तिथल्या नाच-जेवणाच्या मेजवानीची, तिकिटं थेट पुढच्या रांगेची काढताय, असा तुझा निरोप मिळाला. चांगलं आहे. दरडोई दीडशे डॉलरच्या वर मोजायचे आणि मागच्या टेबलावरून कुणाच्या तरी टोपीआडून नाच बघायचा, त्यात काय मजा? पण पोरी, एक गोष्ट तिकिटावर छापलेली नसते. पुढच्या खुर्चीवरून सगळं दिसतं तसा तिथे बसलेला माणूसही सगळ्यांना दिसतो. नाचणारीला दिसतो, निवेदकाला दिसतो, ताट आणणाऱ्या मुलालाही दिसतो. मागच्याला पेंगता येतं, पुढच्याला नाही. तेव्हा हे सावकाश वाच. जावईबापूंनाही ऐकव, हातातला फोन खाली ठेवायला लावून.

१. पैसे भरण्याआधी बसण्याचा नकाशा उघडून बघ – प्रीमियममध्ये कुठे टेबल तुमच्या नावाने राखून ठेवतात, कुठे नुसता पुढचा भाग राखतात आणि त्यात आधी येईल त्याची जागा. कुठे ताट जागेवर येतं, कुठे बुफेला पहिला नंबर लागतो, आणि कुठे एक बरा हार आणि जास्तीचं पेय, एवढ्यावरच बोळवण.

२. मधली दुसरी रांग मिळत असेल तर कोपऱ्यातली पहिली सोड – कोपऱ्यातून नर्तकींचे खांदे दिसतात आणि स्पीकर कानाशी येतो. जवळचं ते जवळचं, समोरचं ते आपलं.

३. टेबलं लांब आणि रंगमंचाला काटकोनात लावलेली आहेत का, ते फोन करून विचार – तशी असली तर दोन्ही बाजूंच्या माणसांना अंग वळवूनच बघावं लागतं. सासूबाईंची मान कुठल्या बाजूला सहज वळते हे घरीच विचारून ठेव, तिथे गेल्यावर त्या 'चालेल गं' म्हणतील.

४. माऊईवरच्या ओल्ड लाहाइना लुआऊत रंगमंचालगत चटया, उशा आणि बुटकी टेबलं असतात, खुर्च्या त्यांच्या मागे. जागा सुरेख, पण भुलू नकोस – आपण पंगतीत वाढलेली माणसं हे बोलायला ठीक, सासऱ्यांचे गुडघे तीन तास मांडीला तयार आहेत का ते त्यांच्या गुडघ्यांना विचार.

५. लुआऊ पहिल्या रात्री ठेवू नकोस – तुम्ही कॅलिफोर्नियातून जाणार, तिथली घड्याळं हवाईच्या दोन-तीन तास पुढे, त्यामुळे आगीचा नाच सुरू होईल तेव्हा तुमच्या अंगात रात्रीचे अकरा वाजलेले असतील. सासूसासरे तर नुकतेच पुण्याहून आलेत, त्यांचं साडेपंधरा तासांचं अंतर अजून फिटायचंय. आधीचे दिवस सूर्योदयाला दे, पहाटे तीनला डोळे उघडतातच; माऊईच्या हालेआकाला डोंगरावर उगवता सूर्य बघायचा तर गाडीचं आरक्षण आधी लागतं, तेवढं विसरू नकोस.

६. मात्र सूर्योदय आणि लुआऊ एकाच दिवशी नको – पहाटे डोंगरावर, रात्री रंगमंचासमोर, म्हणजे पुढच्या रांगेत घोरणं आलंच.

७. ओआहूला लाइए इथल्या पॉलिनेशियन कल्चरल सेंटरला जाणार असाल तर रविवार टाळ – १९६३ साली मॉर्मन चर्चने उभारलेलं ते केंद्र रविवारी बंद असतं. तिथे मद्यही मिळत नाही. जावईबापूंना हे वाटेतच सांग, दारात नको.

८. तिकीट शक्यतो लुआऊवाल्यांकडूनच घे – मध्यस्थाकडून घेतलं की तारीख बदलायलाही त्याच्याच दारात उभं राहावं लागतं. रद्द करायची मुदत काय, आणि बक्षिसी किमतीत धरली आहे का, हे दोन्ही त्याच वेळी वाचून घे.

९. शाकाहारी किती, अंडं कोणाला चालत नाही, हे तिकीट काढतानाच लिहून कळव आणि दारातून आत शिरताना पुन्हा सांग – स्वयंपाकघर आणि तिकीटखिडकी यांची रोज भेट होतेच असं नाही.

१०. ओआहूवर वाइकीकीहून को ओलीनाच्या बाजूला जायचं असेल तर दुपारीच निघा – संध्याकाळी त्या रस्त्याला गाड्यांची मुंगीवाट लागते, आणि पुढची जागा घेऊन उशिरा येणाऱ्यासाठी अख्खी रांग उठते. लुआऊवाल्यांची बस मिळत असेल तर तीच घे, कारण मी पुढे पेयांबद्दल सांगणार आहे.

कपड्यांचं फार लांबवत नाही.

११. नारळाच्या करवंट्या आणि प्लास्टिकचा गवती घागरा घालून सोंग काढू नका – ज्यांची ती परंपरा आहे तीच माणसं चार हातांवर नाचणार असतात. साधा सुती झगा आणि जावईबापूंना फुलांचा अलोहा शर्ट पुरे. तो शर्ट तिथे कार्यालयातही चालतो, कोणी हसत नाही.

१२. टाचांच्या चपला नकोत, शाल हवी – बसायचं बहुधा हिरवळीवर, आणि सूर्य बुडाला की समुद्रावरचा वारा अंगाला लागतो.

१३. बरेचसे मोठे लुआऊ बेटांच्या पश्चिम किनाऱ्यावर होतात, को ओलीना, कानापाली, कोना, कारण तो भाग कोरडा आणि सूर्यास्तही समोर. त्यामुळे पहिला तासभर ऊन थेट डोळ्यांत येतं. काळा चष्मा आणि टोपी ठेव, पण अंधार पडताच टोपी काढ – मागच्यालाही डोळे आहेत.

१४. छत्री नेऊच नकोस, पातळ रेनकोट ने – पाऊस आला तर बहुधा सर येते आणि जाते, पण तुझ्या छत्रीने मागच्या चार टेबलांवरचा कार्यक्रम जातो. आणि अंगाला लावायचं सनस्क्रीन तिथेच घे – ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट असलेल्या क्रीमच्या विक्रीवर हवाईत १ जानेवारी २०२१ पासून बंदी आहे, प्रवाळांना त्यांची बाधा होते म्हणून.

आता दारात पोचलात असं धर.

१५. गळ्यात हार घालायला कोणी पुढे आलं की मान वाकव, आणि तो लगेच काढून पिशवीत टाकू नकोस – त्याला लेई म्हणतात, आणि देणाऱ्याच्या समोर तो उतरवणं म्हणजे दिलेला हात झिडकारणं. पुढच्या जागांना कधी ऑर्किडचा, कधी कुकुईच्या बियांचा देतात. कुठलाही आला तरी अर्धा छातीवर, अर्धा पाठीवर असा खांद्यांवर बसू दे.

१६. घरात गोड बातमी असेल तर हार देणाऱ्या बाईला हळूच सांग, म्हणजे ती दोन्ही टोकं मोकळी असलेला हार देईल – पोटुशीच्या गळ्यात बंद हार घालत नाहीत, बाळाच्या नाळेला तो बरा नाही असं तिकडच्या आज्या मानतात. मी काही विचारत नाहीये. नुसतं सांगते आहे.

१७. चाफ्याचा हार बघून सासूबाई म्हणतील, 'हे तर देवाचं फूल.' म्हणू दे, पण घालायला लाव – तो चाफा तिथलाही मूळचा नाही, १८६० मध्ये हिलेब्रँड नावाच्या डॉक्टरांनी नेला, आणि आता त्याच्यावाचून बेटांचं पान हलत नाही. मोगरा मिळाला तर त्यांना तोच घेऊन दे. तिथे तो पिकाके नावाने विकतात, वास मात्र आपल्याच परसातला.

१८. दारात फोटो काढतात तो काढू दे, विकत घ्यायचा की नाही ते रात्री ठरव – कॅमेऱ्यासमोर उभं राहिलं म्हणजे सौदा झाला असं नाही, आणि रांग अडवून घासाघीस करण्याची ती जागाही नव्हे.

१९. जमीन उकरून डुक्कर बाहेर काढतात त्या वेळी खड्ड्यापाशी हजर राहा – तापलेले दगड, केळीचे सोप, 'ती' नावाच्या झुडपाची पानं, ओली गोणपाटं आणि वर माती, अशा इमूत ते तासन्‌तास वाफेवर शिजतं, आणि उघडण्याचा सोहळा मात्र काही मिनिटांत आटपतो. उशिरा येणाऱ्याला खड्डा, वेळेवर येणाऱ्याला वाफ.

२०. सासूबाईंना अख्खं जनावर बघवणार नसेल तर त्यांना त्या वेळी किनाऱ्यावर फिरवून आण, पण तोंड वाकडं करून 'ई' करू नका – समोर उभे असलेले दोघं ते सकाळपासून राखत बसलेले असतात. आणि प्रीमियमचं टेबल इमूच्या अगदी शेजारी येत नाही ना, हे शाकाहाऱ्यांनी नकाशातच बघावं.

जेवणाकडे जरा थांबूया, कारण तिथे आपली जुनी ओळख निघते. लुआऊच्या ताटातली मुख्य गोष्ट डुक्कर नव्हे, अळू आहे. अगदी आपलाच अळू, तीच जात. त्याचे कंद उकडून, कुटून पोई करतात, पानांत मांस किंवा मासा बांधून लाउलाऊ करतात.

२१. पोई नुसती चमचाभर तोंडात टाकून 'बेचव आहे' असा निकाल देऊ नकोस – ती तोंडी लावणं नव्हे, तिलाच तोंडी लावणं लागतं. इमूतल्या खारट कालुआ मांसाचा किंवा लोमी सामनचा घास आणि मग पोई. शाकाहाऱ्यांनी रताळ्याबरोबर खावी. ताजी गोडसर, दोन-तीन दिवसांची आंबट. आंबट आवडणारे तिथेही थोडे नाहीत.

२२. पोईचं भांडं उघडं असताना टेबलावर भांडण काढू नका, गाडी कोणी चुकीच्या रस्त्याला घातली तेही नाही – हवाईच्या कथेत वाकेआ आणि होओहोकूकालानी यांचं पहिलं मूल जन्मताच गेलं, त्याला पुरलं तिथे अळू उगवला. दुसरं मूल जगलं, त्याचं नाव थोरल्यावरूनच हालोआ ठेवलं, आणि तो माणसांचा पूर्वज. म्हणजे भांड्यात थोरला भाऊ बसलेला असतो, त्याच्यासमोर धाकट्यांनी हमरीतुमरीवर येऊ नये. मला विचारशील तर हा नियम आपल्या लग्नघरांत अळूच्या फदफद्यालाही लावावा.

२३. लाउलाऊ आला की बाहेरचं पान सोडून बाजूला ठेव, आतलं खा – बाहेर 'ती'चं पान नुसतं बांधायला असतं, पातोळीच्या हळदीच्या पानासारखं. आतला अळू मात्र खाण्याचा. तासन्‌तास शिजवलेला असतो, घशाला खाजत नाही.

२४. हिरवंगार, नारळाच्या दुधातलं काही दिसलं की सासूबाई 'अळूची भाजी!' म्हणून डाव भरतील, त्यांचा हात धर – त्यात बहुतेक वेळा माकूळ किंवा कोंबडी असते. शेवयांसारखं दिसतं त्यातही कोंबडी, मॅकरोनीच्या कोशिंबिरीत अंड्याचं मेयोनेझ, आणि लोमी म्हणजे टोमॅटो-कांद्यात कालवलेला खारा सामन मासा, आपली कोशिंबीर नव्हे.

२५. त्यांची चतुर्थी आली असेल तर चिडू नकोस, जांभळं रताळं वाढ – ते तर उपासाचंच. हाउपियाची वडी देण्याआधी मात्र विचार – नारळाचं दूध असतं, पण घट्ट करायला हल्ली बहुधा मक्याचं पीठ घालतात, आणि ते उपासाला चालतं की नाही यावर दोन विहिणींचं अजून एकमत झालेलं नाही.

२६. सगळे एकत्र बसा, एकत्र जेवा. 'तुम्ही घ्या आधी, मी मागून' हा आपल्या बायकांचा हट्ट त्या रात्री चालू द्यायचा नाही. कारण सांगते. जुन्या हवाईत बाईने पुरुषाबरोबर जेवणं निषिद्ध होतं, आणि डुकराचं मांस, नारळ, बहुतेक जातींची केळी तिला वर्ज्य. १८१९ मध्ये तरुण राजा लिहोलिहो भर मेजवानीत बायकांच्या पंगतीत जाऊन बसला आणि जेवला. त्याची आई केओपुओलानी आणि राज्याचा कारभार हाती असलेली काआहुमानू यांनी ते घडवून आणलं होतं. एका जेवणाने सगळे निषेध मोडले, आणि आज ज्याला लुआऊ म्हणतो त्या एकत्र मेजवानीची वाट तिथून निघाली. तेव्हा सासूबाईंचं ताट पहिलं भर, आणि त्यांना ही गोष्ट सांग. मग त्या उठणार नाहीत.

२७. बुफेला तुमचं टेबल पहिलं पुकारतील म्हणून ताटाचा डोंगर करू नका – मागे शंभर माणसं ताटं हातात धरून तुमच्याकडेच बघत असतात. ताट दुसऱ्यांदा भरता येतं, भरलेलं परत ओतता येत नाही. उरलेलं बांधून घरी न्यायलाही सहसा देत नाहीत.

२८. माई ताई म्हणजे अननस घातलेलं सरबत नव्हे, त्यात रम असते – गोड पेल्याची चढण उतारावर कळते, आणि कूपनं उरली म्हणून संपवायलाच हवीत असा कायदा नाही. एकवीस वर्षांखालच्यांना मिळत नाही. चेहरा कितीही पोक्त असला तरी ओळखपत्र मागतात, पासपोर्ट हॉटेलात ठेवून जाऊ नका.

२९. टेबलावर अनोळखी कुटुंब येऊन बसलं तर आधी तुम्हीच बोला – बऱ्याच ठिकाणी प्रीमियममध्येही टेबल सामायिक असतं, आणि तीन तास एकमेकांची कोपरं चुकवत गप्प बसणं फार जड जातं.

३०. निवेदक 'अलोहा' म्हणाला की मोठ्याने उत्तर द्या – पुढची रांग गप्प राहिली की तो बिचारा तेच चारदा म्हणवून घेतो.

३१. हुला, म्हणजे हवाईचा नाच, बघताना कंबरेकडे नको, हातांकडे बघ – गोष्ट हातांत असते. पाऊस, लाट, डोंगर, वाट बघणं, सगळं तिथे. मंत्रासारख्या पठणावर आणि पाहू ढोलावर चालते ती जुनी काहिको, युकुलेले-गिटारवरची ती नवी आउआना. युकुलेलेही तसा पाहुणाच, १८७९ मध्ये मदेइराहून आलेल्या पोर्तुगीज मजुरांबरोबर आलेल्या छोट्या गिटारीतून घडलेला.

३२. काहिको चालू असताना खाणं थांबव, निदान चमचे वाजवू नकोस – मिशनऱ्यांच्या प्रभावाखालच्या काआहुमानूने १८३० मध्ये जाहीर हुलाला बंदी केली, पुढे राजा कालाकाउआने १८८३ च्या आपल्या राज्याभिषेकात हुला पुन्हा मानाने उभा केला. हो, तीच काआहुमानू. माणसं एक दार उघडतात आणि दुसरं लावतात.

३३. झपाट्याने कंबर हलवतात तो ताहितीचा नाच, आणि पेटत्या सुरीचा सामोआचा. त्यांना हुला म्हणू नकोस – बहुतेक ठिकाणी सगळ्या पॉलिनेशियाची मिसळ असते. ओल्ड लाहाइनासारख्या ठिकाणी फक्त हवाईचंच सादर करतात, तिथे 'आग कुठे आहे?' असं विचारून हसं करून घेऊ नका.

३४. निवेदकाने वर बोलावलं तर जा, लाजू नकोस – पुढच्या रांगेला बोलावणं येतंच, नको असेल तर आधीच हसून मान हलव, तो ओढणार नाही. सासऱ्यांना पाठव; अंगात आलं तर ते सोडायचे नाहीत.

३५. फोन डोक्याच्या वर धरू नका आणि फ्लॅश मारू नका, सुरीच्या नाचाला तर मुळीच नाही – पेटलेली सुरी हवेत फेकून झेलणाऱ्याच्या डोळ्यांवर उजेड गेला तर खेळ जिवावर बेततो. दोन फोटो पुरेत. फोनात साठवलेला नाच सहसा फोनातच म्हातारा होतो.

३६. लाहाइनाला गेलात तर वाढणाऱ्या मुलीला आगीबद्दल खोदून विचारू नका, जळक्या जागांसमोर फोटो काढू नका – ८ ऑगस्ट २०२३ च्या वणव्यात हे गाव, एके काळची राजधानी, जवळजवळ अख्खं जळालं. तुमच्या पुढ्यात ताट ठेवणारीचं घर त्यात होतं की नाही, हे तिला सांगायचं तर ती सांगेल.

३७. बेटांवर हा तिकिटाचा लुआऊ न आवडणारी माणसंही भेटतील. त्यांच्याशी वाद घालू नकोस, त्यांचं चुकतंय असं मलाही वाटत नाही – १८९३ मध्ये राणी लिलिउओकालानीचं राज्य उलथलं, १८९८ मध्ये बेटं अमेरिकेने घेतली, आणि मग त्यांचा नाच त्यांच्याआधी जाहिरातींनी नाचवला. खरा घरचा लुआऊ बाळाच्या पहिल्या वाढदिवसाला होतो, कुणाच्या अंगणात किंवा बागेत, आणि तिथे सगळ्याच जागा पुढच्या असतात. कोणी बोलावलं तर प्रीमियम सोडून तिथे जा.

३८. शेवटचं गाणं चालू असताना पार्किंगकडे पळू नका – पुढून उठणारा सगळ्यांना आडवा जातो, आणि राणीनेच रचलेलं 'अलोहा ओए' तेव्हा चालू असेल तर फारच वाईट दिसतं. गाडी कुठल्या रांगेत लावली ते उजेडातच टिपून ठेवलं की घाई करावी लागत नाही.

३९. बक्षिसी किमतीत धरलेली नसेल तर तुमच्या टेबलावर राबलेल्याच्या हातात दे, आणि 'महालो', म्हणजे धन्यवाद, म्हण – अमेरिकेत पंधरा-वीस टक्के ही रीत आहे. पुढच्या रांगेत बसून ती चुकवणं त्याच्या चांगलं लक्षात राहतं.

४०. हार कोमेजला की कचऱ्याच्या डब्यात टाकू नकोस. दोरा कापून काढ आणि फुलं झाडाच्या बुडाशी किंवा मातीत सोड – दोरा तसाच राहिला तर पाखरं, कासवं त्यात अडकतात. कॅलिफोर्नियाला न्यायचा असेल तर विमानतळावर शेतीखात्याच्या तपासणीला आपणहून दाखव – लिंबाच्या जातीची पानंफुलं असलेला हार पुढे जाऊ देत नाहीत, आणि सासूबाईंच्या पर्समध्ये दडवलेलं रताळंही तिथेच निघतं.